चंदेऱ्याची शिकार

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्गला राहायला आल्यावर पहिल्या वर्षभरात मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं, की डॉक्टरकाकांना भेटली नाहीस तर तू इथे आलीसच नाहीस. भेटल्यावर वाटलं, ही गोष्ट काकांनीच पसरवली असावी.

काका सत्तरीकडे झुकलेले, मूळचे पुण्याचे. पस्तीस वर्षांपूर्वी इथे येऊन हाडांचे डॉक्टर झाले आणि नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं गोल्फ खेळतात, नातवंडं सांभाळतात, देवाधर्माचं बघतात. काकांनी धनुष्यबाण घेतला. बाणाला दोरी, दोरी गुंडाळायला धनुष्यावर रीळ. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ते तीन तास गाडी चालवून इलिनॉय नदीवर जायचे आणि पाण्याबाहेर उड्या मारणाऱ्या माशांना बाण मारायचे. हे मासे मूळचे चीनकडचे. दक्षिणेकडच्या राज्यांत तळ्यांमधलं शेवाळ साफ करायला इथल्याच लोकांनी ते हौसेनं आणले. पुरांमध्ये ते तळ्यांतून निसटले आणि एका नदीतून दुसरीत असे वर चढत आले. इथल्या मूळच्या माशांचं अन्न ते फस्त करतात, म्हणून ते जितके मारता येतील तितके मारा, असं सरकारही सांगत होतं. इथवर सगळं ठीक होतं. माझा आक्षेप काकांच्या चेहऱ्यावरच्या भावाला होता.

"हे बाहेरून आले," त्यांच्या घरच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, हातात प्लेट धरून काका सांगायचे, "आणि इथलं सगळं खाऊन बसले. मग कंट्रोल नको?"

यावर कोणीतरी एच-वन व्हिसावर नोकरीला आलेला हमखास म्हणायचा, "म्हणजे काका, आमच्यासारखेच की." सगळे हसायचे. हा विनोद मी दोन वर्षांत इतक्यांदा ऐकला, की शेवटी शेवटी तो कोण करणार हेसुद्धा मला आधी कळायचं. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच सुचला. काकाही हसायचे, पण त्यांच्या हसण्यात थोडी संमती असायची. ते आले तेव्हा म्हणे अख्ख्या विमानात भारतीय असे ते एकटेच होते. आता 'तुम्ही लोक' लोंढ्यानं येता. 'तुम्ही लोक' हे शब्द त्यांच्या तोंडात कायम असत, आणि आम्ही लोक त्यांच्याच बेसमेंटमध्ये त्यांचीच साबुदाण्याची खिचडी खात ते ऐकून घेत असू. मीसुद्धा.

माझे बाबा २००७ च्या जूनमध्ये आले. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि भंडाऱ्याच्या घरात ते एकटे होते. भंडारा जिल्ह्यात सरकारच्या मत्स्यबीज केंद्रावर त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. पावसाळ्याच्या तोंडाशी मादीला इंजेक्शन द्यायचं, अंडी धरायची, जिऱ्याएवढी पिल्लं बोटाएवढी होईतो वाढवायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून, जीपमधून गावोगावच्या तलावांत नेऊन सोडायची, हे त्यांचं काम. बाबा घरी आले की आधी त्यांचा वास यायचा, मग ते यायचे. शाळेत मला यावरून एक टोपणनाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

आमच्या अपार्टमेंटच्या आवारात एक खोदलेलं तळं होतं. मधोमध कारंजं, काठावर बदकं. बाबा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला चक्कर मारून आले. म्हणाले, "पाणी लई आहे, पण यात काई नाई." त्यानंतर ते रोज त्याच तळ्याला चक्कर मारत राहिले. दुसरीकडे जायचं कुठे? मी आणि नवरा दोघंही दिवसभर ऑफिसात.

जुलैतल्या एका पॉटलकमध्ये काकांनी बाबांना गाठलं. बाबा कुठल्या खात्यात होते हे कळल्यावर त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं सर्वांना सांगितलं, "अरे, हे तर फिशरीजचे एक्स्पर्ट. इतके दिवस लपवून ठेवलंत होय यांना?" दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की तुझे वडील काय करतात. पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्याबरोबर नदीवर जायचं, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

मला जायचं नव्हतं. नवरा मात्र उड्या मारत होता. "यार, चार वर्षांत आपण मॉल सोडून काय बघितलं अमेरिकेत? आणि बाबांना पण आवडेल." त्यानं त्यासाठी पाण्यात चालणारा कॅमेरा विकत आणला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नदी पाहू." एवढ्यावर माझा विरोध संपला.

नदीकाठचं ते गाव म्हणजे धान्याची दोन उंच कोठारं, एक चर्च आणि बोटी पाण्यात उतरवायचा सिमेंटचा उतार. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि उतारावर जत्रा भरली होती. कोणी डोक्यावर फुटबॉलचं हेल्मेट घातलं होतं, कोणी प्लास्टिकची बादली. एकानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं हातावर बांधलं होतं. बायकांच्या हातात लांब दांड्याची जाळी होती. एका गाडीतून गाणी वाजत होती, आणि नऊ वाजताच बिअर सुरू होती. नदी वाचवायला जमलेल्या या सैन्याचे रिकामे कॅन त्याच नदीत काठाकाठानं तरंगत होते. त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कॅन बाहेरून आलेले नसावेत.

काका त्या सर्वांना ओळखीचे असल्यासारखे हात करत होते. ओळखून उलट हात करणारे फार नव्हते. त्यांनी झाडांच्या पानांचे छाप असलेला शिकारी शर्ट घातला होता. जंगलात हरणाला दिसू नये म्हणून तसला शर्ट घालतात. उघड्या बोटीत, भर नदीत, तो कशासाठी, हे मी विचारलं नाही.

बोट मात्र काकांची नव्हती. ती एका स्थानिक माणसाची होती. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. त्याचा बाप आणि तो याच नदीत जाळी टाकून मासे धरत आले होते. आता आठवडाभर तो जाळी टाकायचा आणि शनिवारी काकांसारख्या हौशी लोकांना फिरवून आणायचा. काका त्याला 'माय फ्रेंड' म्हणत होते. तो काकांना 'डॉक' म्हणत होता, आणि तेही गरज पडली तरच.

बोट मुख्य पात्र सोडून एका शांत फाट्यात शिरली. बोटवाल्यानं इंजिनाचा आवाज वाढवला, आणि पाणी फुटलं. आधी एक मासा उडाला, मग पाच, मग मोजता येईनात. हातभर लांबीचे, चांदीच्या पत्र्यासारखे मासे दोन्ही बाजूंनी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर येऊन पाण्यात, बोटीवर, एकमेकांवर आपटत होते. मी खाली वाकले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. तेवढ्यात शेजारून हसण्याचा आवाज आला. बाबा हसत होते. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"हा तर चंदेरा आहे," ते म्हणाले.

"सिल्व्हर कार्प," काकांनी दुरुस्त केलं.

"तेच. आमच्या केंद्रावर ह्याचीच पिल्लं करायचो आम्ही. जाळं ओढलं की असाच उडते हा. ओढणारी पोरं तोंडाले दुपट्टा बांधत. गळाले नाई लागत बरं का. पाण्यातलं हिरवं गाळून खाते."

काकांना हे ऐकायला वेळ नव्हता. ते बोटीच्या टोकाशी पाय फाकून उभे राहिले होते आणि बाण सोडत होते. बाण सोडायचे, पाण्यात गेला की दोरी गुंडाळून परत ओढायचे, पुन्हा लावायचे. नवरा फोटो काढत होता. मासे इतके होते की डोळे मिटून बाण मारला तरी एखादा लागावा. काकांना पहिला मासा अकराव्या बाणाला लागला. तोवर नऊ मासे आपणहून बोटीत येऊन पडले होते. काकांनी बाणासकट तो मासा उंच धरला, नवऱ्याकडे वळले आणि हसले. नवऱ्यानं फोटो काढला. ते म्हणाले, "अजून एक घे. कॅप नीट करतो."

त्याच सुमाराला एक मासा माझ्या बरगडीवर येऊन आदळला. कोणी फेकून विटेचा तुकडा मारावा तसा. मला श्वास घेता येईना. नवरा धावला. काका हाडांचे डॉक्टर, तेही आले. दोन बोटांनी बरगडी दाबून पाहिली आणि म्हणाले, "काही मोडलेलं नाही." तपासणी चालू असताना त्यांची नजर पाण्यावर होती, आणि डाव्या हातात धनुष्य होतं. ती बरगडी पुढे तीन आठवडे दुखत होती. मोडली नव्हती हे मात्र खरं.

बाबांनी माझ्या अंगावरचा मासा उचलला. बोटीच्या तळातल्या इंचभर पाण्यात तडफडणारे बाकीचे मासेही ते एकेक करून गोळा करत होते. सर्वांची तोंडं एका दिशेला येतील असे त्यांनी ते सावलीत मांडले, बोटीतलं एक जुनं पोतं ओलं करून त्यांच्यावर टाकलं आणि शेजारी बसून राहिले. बोटवाला हे मागून बघत होता.

दुपारी परत उताराशी आलो तेव्हा काकांचे बाणाचे सात होते, पण ते "थर्टी वन" असं सांगत होते. बाकीचे चोवीस आपणहून उडी मारून आले होते. उताराच्या कडेला एक मोठी लोखंडी कचराकुंडी ठेवली होती. जो तो आपल्या बोटीतले मासे फावड्यानं तिच्यात टाकत होता. उन्हात माशा घोंघावत होत्या. काका फावडं घेऊन आले.

"ह्यांचं का करता?" बाबांनी विचारलं.

"टाकायचे."

"टाकायचे म्हणजे?"

"फेकायचे. ट्रॅश फिश आहे हा. काटे फार. इथे कोणी खात नाही."

"मग मारले काहून?"

काकांनी बाबांकडे असं पाहिलं, जसं आम्ही लोक नवीन आलो की ते आमच्याकडे पाहायचे. "अहो, तेच तर दोन वर्षं सांगतोय सगळ्यांना. कंट्रोल," ते म्हणाले, आणि फावडं घातलं.

बाबांनी त्यांच्या फावड्याखालून तीन मासे काढून घेतले. बाजूला मासे साफ करायचं एक टेबल होतं, त्याला नळ होता. दुसऱ्या कोणी त्या दिवशी ते वापरलेलं दिसत नव्हतं. बाबांनी बाह्या वर केल्या आणि नवऱ्याकडे सुरी मागितली. त्याच्याकडे होती ती फळं कापायची. बाबा त्या सुरीनं खवले काढू लागले.

काका माझ्याजवळ आले. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून इंग्रजीत म्हणाले, की त्यांना समजव, लोक बघतायत, इथे हे असं दिसायला बरं नाही. मी वर पाहिलं. लोक खरोखरच बघत होते. डोक्यावर बादल्या घातलेले लोक, एका स्वच्छ टेबलावर मासा साफ करणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत होते. काकांना लाज वाटत होती ती बाबांची.

मी गाडीतून बर्फाचा डबा आणून टेबलाशी ठेवला. यात शूरपणा काही नव्हता. मला तेवढंच सुचलं.

बोटवाला बोट बांधून आला. त्यानं बाबांच्या हातातली सुरी पाहिली, स्वतःची काढून पुढे केली आणि तिसरा मासा आपल्याकडे ओढला. मासा आडवा ठेवून, कातडीपर्यंत पोचतील असे बारीक बारीक छेद त्यानं पाठीकडच्या मांसात जवळजवळ दिले. काटे असे तुटले की तळताना विरघळतात, असं काहीतरी त्यानं सांगितलं. मी बाबांना ते मराठीत सांगायला लागले. बाबा म्हणाले, "दिसून राहिलं मले." त्यांच्या माशावर तसेच छेद आधीच पडलेले होते.

मी बोटवाल्याला विचारलं, की या शिकारीनं मासे कमी होतात का. तो टेबल धूत होता. म्हणाला, की हे सगळे लोक मिळून शनिवारभर जेवढे मारतात, तेवढे माझ्या जाळ्यात एका सकाळी येतात, आणि माझ्या जाळ्यांनीही काही फरक पडलेला नाही.

"मग तुम्ही यांना घेऊन का जाता?"

"ते म्हणतात, चला," तो म्हणाला. "आणि डॉक खूश असतो."

परत येताना बाबा पुढे बसले होते, मी मागच्या सीटवर बरगडी धरून. मासे बर्फाच्या डब्यात. दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका. नवरा कॅमेऱ्याचं कौतुक करत होता आणि मी काकांची नक्कल करत होते. टोपी नीट करून दाखवत होते, फावडं मारून दाखवत होते. सकाळपासून मनात साठवलेलं सगळं मी बोलून टाकलं. शेवटी म्हटलं, "ज्या माशाला बाबांनी जन्मभर वाढवलं, तो या माणसानं कचऱ्यात टाकला आणि वर बाबांनाच शिकवलं."

बाबा म्हणाले, "मीही शिकवलंच होतं एकीले."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मला ती तोवर ठाऊक नव्हती. मी प्राथमिक शाळेत असताना खात्याची नवी योजना आली होती. जुन्या मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावांत बाहेरचे मासे सोडायचे. शेवाळ खायला चंदेरा, पाण्यातलं गवत खायला गवत्या. दोन्ही झपाट्यानं वाढतात. एका गावच्या तलावात बाबांनी स्वतःच्या हातानं पिशव्या रिकाम्या केल्या. दोन वर्षांत तलावातलं गवत संपलं. त्या गवतात अंडी घालणारे मरळ, शिंगटा, बारके मासे, झिंगे, सगळे कमी होत गेले. मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यात मोठे मासे यायचे, ते ठेकेदार शहरात न्यायचा. पण गावातल्या ढिवरांच्या, म्हणजे पिढीजात मासेमारांच्या, बायका टोपली घेऊन काठाकाठानं बारके मासे धरायच्या आणि संध्याकाळी त्यावर घर चालवायच्या. त्यांच्या टोपलीत काही येईना. त्यांच्यातली एक बाई सात कोस चालत केंद्रावर आली.

"म्हणे, साहेब, तुमच्या माशानं आमचं तळं खाल्लं. तो काढून घ्या," बाबा म्हणाले.

"मग?"

"मी तिले म्हटलं, बाई, हे शास्त्र आहे. तुले नाई समजायचं. तीनदा आली. तिन्ही वेळा मी हेच म्हटलं. मंग नाई आली."

"तुम्हाला तेव्हा दिसत नव्हतं का ती खरं बोलतेय ते?"

"दिसत होतं. पण रिपोर्टात उत्पादन वाढलं होतं ना."

त्या क्षणी मला बाबांचाही तिटकारा आला, हे लिहिलं पाहिजे. मी दिवसभर त्यांच्या बाजूनं रागावले होते, आणि ती बाजू त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली होती. काका निदान मासे मारून मिरवत होते. बाबांनी मासे सोडून पगार घेतला होता, आणि त्याच पगारावर मी इंजिनिअर होऊन काकांची नक्कल करत होते.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी स्वतः मासे केले. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, धने, लाल तिखट लावून, तुकडे आधी कडक तळून. काटे खरोखरच लागले नाहीत. आम्ही तिघांनी जेवताना नदीचं नाव काढलं नाही. मंगळवारी दारावर व्यवस्थापनाची चिठ्ठी लावलेली होती, की वासाबद्दल तक्रार आली आहे, कृपया काळजी घ्यावी. तक्रार कोणाची हे त्यांनी लिहिलं नव्हतं. आमच्या वर पुण्याचं एक जोडपं राहायचं. दर बुधवारी ते तळलेल्या कोंबडीची बादली घेऊन जिना चढायचे. त्या आठवड्यात त्यांनी जिन्यात माझी नजर चुकवली. मग मी फ्रीझरमध्ये ठेवलेला तिसरा मासाही मुद्दाम करायला लावला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथल्या मराठी मंडळाची दिवाळी एका शाळेच्या सभागृहात झाली. लावणी आणि फॅशन शोच्या मध्ये पंधरा मिनिटांचं काकांचं भाषण होतं, मोठ्या पडद्यावर फोटोंसकट. मराठी माणूस आणि अमेरिकेची नदी असा काहीसा विषय. नवऱ्यानं काढलेला तो अकराव्या बाणाचा फोटो भिंतभर दिसला. पुढच्या फोटोत बाबा होते, पोत्याशेजारी बसलेले. काका माइकमध्ये म्हणाले, "आणि हे भारत सरकारचे निवृत्त मत्स्यतज्ज्ञ. आपल्या मोहिमेचे मार्गदर्शक. त्यांना मी दोन शब्द बोलायची विनंती करतो."

बाबा राज्य सरकारच्या केंद्रावर कर्मचारी होते. तज्ज्ञ आणि मार्गदर्शक ते पहिल्यांदाच झाले. त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. ते उठले, पायऱ्या चढून गेले आणि माइकपासून हातभर लांब उभे राहिले.

"मी काई तज्ज्ञ नाई," ते म्हणाले. "हा मासा मी तिकडं तळ्यात सोडत होतो. इकडंही कोणी माझ्यासारख्यानंच सोडला असंल. सोडताना कोणाले विचारलं नाई. आता मारतानाही कोणी विचारून नाई राहिलं, की किती मेले आणि किती राहिले. नदीत ते होते तेवढेच आहेत. मारायचाच असंल तर जाळं टाकणाऱ्याले इचारा, आणि मारला तर खा. फोटो काढून मासा कमी होत नाई."

माइक लांब होता. मागच्या रांगांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. काका हसत पुढे आले आणि त्यांनी माइक घेतला. "हे त्यांच्या गोड भाषेत सांगतायत, की हे मासे जितके मारू तितके कमीच आहेत. आणि हो, चविष्टही आहेत." सभागृहभर टाळ्या पडल्या. मुलं मागे पळापळ करत होती. पडद्यावर पुढचा फोटो आला.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उभं राहून, ते असं म्हणाले नाहीत, एवढं एक वाक्य बोलता आलं असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्याचा अर्थ राहू दे असा होता. मी राहू दिलं.

जेवणाच्या रांगेत एक बाई मला म्हणाल्या, "किती गं गोड बोलतात तुझे बाबा. अगदी रांगडी भाषा. आजकाल ऐकायलाच मिळत नाही." त्यांनी भाषा ऐकली होती. मी त्यांना विचारलं, "बाबा काय म्हणाले?" त्या म्हणाल्या, "माशांबद्दल ना?" आणि श्रीखंड वाढून घ्यायला पुढे सरकल्या.

गाडीत बाबांनी विचारलं, "त्यानं काई दुसरंच सांगतलं का माझ्या नावावर?"

"हो."

"मले वाटलंच. टाळ्या लई पडल्या."

महिनाअखेरीला बाबा भंडाऱ्याला परत गेले.

पुढच्या वर्षी वसंतात काकांचा फोन आला. काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, कुठल्याशा समितीला निसर्गासाठी काम करणाऱ्या ज्येष्ठ स्वयंसेवकाचा सत्कार करायचा होता. अर्ज करायचा तर शिफारसपत्रं लागत. "तुझ्या बाबांचं एक पत्र हवं. तू लिही, ते सही करतील. काय लिहायचं ते मी इ-मेल करतो."

मोठ्या माणसाला नाही म्हणायचं कसं, हे आम्हाला लहानपणी कोणी शिकवलेलं नसतं. मी आधी बाबांची तब्येत, तिकडचा पोस्टाचा गोंधळ, असं काहीबाही बोलले. काका म्हणाले, "स्कॅन करून पाठव ना मग." तेव्हा मी सांगितलं, की बाबा त्या दिवशी व्यासपीठावर जे बोलले तेच पत्रात लिहायचं असेल तर मी आज लिहून देते. तुम्ही सांगितलेलं लिहिणार नाही.

काका म्हणाले, "तुम्ही लोक फार लवकर शहाणे होता." आणि फोन ठेवला.

त्या उन्हाळ्यात आम्हाला त्यांच्या पॉटलकचं बोलावणं आलं नाही. नवरा महिनाभर माझ्याशी तुटक वागला. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानं जुन्या लोकांशी वाकडं घेऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. काकांचा त्या रांगेशी काडीचा संबंध नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

काकांचा सत्कार झाला. मंडळाच्या पत्रिकेत त्याचा फोटो आला आणि खाली शिफारस करणाऱ्यांची माहिती. त्यांत एक 'भारतातील जलतज्ज्ञ' होते. चौकशी केल्यावर कळलं, की ते पलीकडच्या गल्लीत मुलाकडे आलेले एक गृहस्थ. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात आवक-जावक विभागात कारकून होते. पाण्याशी संबंध होताच म्हणायचा. इलिनॉय नदी त्यांनी पाहिलेली नव्हती, पण त्यासाठी कोणाचं काही अडलं नाही.